तांब्याचा जुना अमेरिकन सेंट बदलायचाय, कुठला घेऊ?

ओकट्रीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी एडिसनला, न्यू जर्सीत राहतो. गेली सहा वर्षं जुन्या अमेरिकन तांब्याच्या नादाला लागलोय. एक अल्बम आहे, त्यात प्रत्येक छापाचं एकेक नाणं बसवायचं, एवढाच साधा बेत. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अमेरिकेचा सेंट १७९३ पासून १८५७ पर्यंत आजच्यासारखा टिकलीएवढा नव्हता. चांगला ढब्बू पैशासारखा ऐसपैस होता, साधारण २९ मिलिमीटर, शुद्ध तांब्याचा. त्याच्या जोडीला अर्धा सेंटही होता.

१८१६ नंतरची नाणी बरी मिळतात, ती माझ्याकडे आहेत. १८०८ ते १८१४ मधलं एक आहे, चालसे. १७९३ चं साखळीवालं नाणं (पंधरा राज्यांची एकजूट म्हणून साखळी कोरली, आणि लोक म्हणाले स्वातंत्र्यदेवतेच्या पाठीला बेडी कसली लावता!) ते मी काचेआडूनच बघणार. डोळ्यांत सलतं ते मधलं घर. ड्रेप्ड बस्ट, म्हणजे खांद्यावर वस्त्र घेतलेल्या लिबर्टीबाई, १७९६ ते १८०७. माझं १८०३ चं आहे, पिसूबाजारात ३५ डॉलरला घेतलेलं. तव्याच्या बुडासारखं काळं आणि खरबरीत. साल दिसतं, बाई जेमतेम दिसतात.

आता ३५० डॉलर बाजूला ठेवलेत आणि तीन नाणी नजरेत आहेत. एक १८०२ चं, स्लॅबमध्ये (दर्जा ठरवणाऱ्या कंपनीच्या सीलबंद प्लॅस्टिक डबीत) बंद, त्यावर 'व्हीएफ डिटेल्स, क्लीन्ड', म्हणजे नक्षी 'व्हेरी फाइन' पण नाणं घासलेलं, असं लिहिलंय, २१० डॉलर. केसांची बट न् बट मोजून घ्यावी, पण रंग गुलाबीसर. दुसरं १८०६ चं, स्लॅबशिवाय, चॉकलेटी, गुळगुळीत, झीज जास्त, ३४०. तिसरं खरं तर या घरातलं नाहीच: १७८७ चं न्यू जर्सी कॉपर, घोडा आणि नांगरवालं, कडेला तडा, १९०. ते उगीच बघून ठेवलंय.

पुढच्या शनिवारी प्रदर्शन आहे, तिन्ही तिथे हातात घेता येतील. काय करू?

चिंचपोकळी

वाचतोय. चहा घेऊन बसलोय.

ढब्बूकाका

ओकट्रीकर, १८०२ चं विसरा. गुलाबी तांबं म्हणजे सोललेलं तांबं. आमच्या आईने दर गुरुवारी देवाचा तांब्या चिंच-मीठ लावून लख्ख करावा, ते ठीक, तांब्या आठवड्यात परत काळवंडतो. नाण्याची दोनशे वर्षांची कातडी एकदा गेली की ती काही परत येत नाही. मागाहून जो रंग चढतो तो वेगळाच असतो, ठिगळासारखा.

लहानपणी आजोबांच्या पेटीतल्या शिवराया (मराठ्यांची जुनी तांब्याची नाणी) मी स्वतः भांडी घासायच्या पावडरीने चमकवल्या होत्या. सतरा होत्या. त्यांतली एक दुदांडी (शिवराईचाच एक प्रकार). आजही त्या पेटीकडे बघवत नाही.

ओकट्रीकर

काका, सतराही? 😟

ढब्बूकाका

सतराही. शाबासकी मिळेल म्हणून ओळीने मांडून ठेवल्या होत्या.

गार्गी_पेन

मी फिलाडेल्फियाजवळ असते आणि 'अर्ली अमेरिकन कॉपर्स' या क्लबची बरीच वर्षं सभासद आहे. १९६७ पासूनचा क्लब आहे आणि तिथली मंडळी तांब्याच्या बाबतीत आपल्याकडच्या पैठणी पारखणाऱ्या बायकांइतकीच चिकट. पदर उलटा करून बघितल्याशिवाय बोलायचंच नाही.

ढब्बूकाकांशी सहमत, फक्त कारण थोडं सविस्तर सांगते. या क्लबमध्ये ग्रेड, म्हणजे नाण्याच्या अवस्थेचा १ ते ७० मधला आकडा, दोन पायऱ्यांत काढतात. आधी बघायचं की नक्षी किती शिल्लक आहे. मग पृष्ठभागाचे दोष मोजून त्यातून वजा करायचे: खड्डे, कळक, कडेचा ठोका, घासल्याच्या रेघा. जे उरतं ते निव्वळ. म्हणजे तुमचं १८०२ चं नाणं नक्षीने व्हीएफ २० असेल, पण घासलंय म्हणून निव्वळ १० किंवा ८ वर येईल, आणि मग २१० डॉलर स्वस्त वाटणार नाहीत. १८०६ चं नक्षीने १२ असेल आणि अंगाने निकोप असेल तर ते १२ च राहील. शिवाय १८०६ चं एक सुख आहे. त्या वर्षी एकाच ठशांच्या जोडीने नाणी पाडली, त्यामुळे प्रकार ओळखायची डोकेफोड नाही. १७९४ घ्यायला गेलात तर पन्नासहून जास्त प्रकार आहेत. त्यातल्या एकाच्या मागच्या बाजूला कडेने ९४ इवल्या चांदण्या कोरल्यात, का कोरल्या ते कोणालाच ठाऊक नाही.

आणि कृपा करून तुमची नाणी अल्बममधून काढा. पुठ्ठ्यातलं गंधक तांब्याला लागतं, आणि सरकत्या प्लॅस्टिकने बाईंचा गाल घासला जातो. सुती अस्तराची कागदी पाकिटं वापरा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात तर अजिबात नको, हिरवी चिकट बुरशी आल्यासारखं होतं.

डॉलरदादा

माझं मत वेगळं. छंद वगैरे ठीक आहे, पण उद्या विकायची वेळ आली तर? स्लॅबमधलं नाणं कोणीही फोटो बघून घेतो. उघडं नाणं विकायला गेलात की समोरचा म्हणणार 'हे तर ८ आहे, १२ कुठलं?' आणि तुमच्या बाजूने बोलणारं तिथे कोणी नसणार. नकली मालाची भीती वेगळीच. थोडे पैसे साठवा आणि स्वच्छ स्लॅबवालं घ्या. डिटेल्सवालं नव्हे, तिथे माझाही विरोध नाही.

गार्गी_पेन

डॉलरदादा, मुद्दा बरोबर आहे. नवख्याने उघडं तांबं ओळखीच्या माणसाकडूनच घ्यावं. नकली म्हणाल तर १७९९ आणि १८०४ या दोन सालांना हात लावताना जपायचं. १७९८ च्या शेवटच्या आठाला कोरून नऊ करणं हा जुना धंदा आहे. १८०४ च्या चारला आडव्या दांडीच्या टोकाशी छोटी उभी रेघ असते, ती नसेल तर पुढे बोलूच नका. शिवाय १८६० च्या सुमारास कोणीतरी टाकसाळीतून भंगारात गेलेला १८०३ चा ठसा फेरफार करून १८०४ चा केला आणि त्याच्या पाठीला भलत्याच काळाचा ठसा लावून खासगी नाणी पाडली. तीही आज पैसे देऊन गोळा करतात लोक. १८०६ मध्ये असली भानगड सहसा नाही.

तिरकस

हा जो ७० आकड्यांचा ग्रेड तुम्ही देवासारखा पुजताय, तो काढला कोणी? विल्यम शेल्डन. १९४९. मूळ कल्पना अशी की १७९४ चा अगदी झिजून गेलेला, कसाबसा ओळखू येणारा सेंट १ डॉलरचा, आणि सर्वोत्तम ७० डॉलरचा. म्हणजे आकडा हीच किंमत. ते गणित काही वर्षांत बाजाराने मोडलं, आकडे मात्र राहिले, आणि आज चांदी-सोन्याच्या नाण्यांनाही तेच लावतात.

आता गंमत. हेच शेल्डनसाहेब न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीत अभ्यासाला जायचे, तिथले चांगले सेंट उचलायचे आणि त्या जागी त्याच प्रकारचे आपले हलके ठेवून यायचे. १९७७ मध्ये ते वारले, अदलाबदल नंतर उघडकीला आली, जुन्या छायाचित्रांशी नाणी ताडून. प्रकरण कोर्टात गेलं आणि सोसायटी जिंकली. ओकट्रीकर, अपग्रेड कसं करायचं विचारत होतात ना? हा एक मार्ग आहे. हलकं घ्या.

चिंचपोकळी

तिरकस, दंडवत! 😂

मोडीवाचक

मुंबईहून एक भर घालतो, कारण या धाग्याला आपल्याकडचा धागा आहे.

फिलाडेल्फियाच्या टाकसाळीचं सुरुवातीचं दुखणं म्हणजे तांबंच नव्हतं. मोडीतली भांडी, पत्रे, जे मिळेल ते वितळवायचं, आणि त्याच्या चकत्या कशाही निघायच्या. न्यूयॉर्कच्या एका दुकानदार कंपनीची टोकनं विकत घेऊन, ती कापून अर्ध्या सेंटच्या चकत्या केल्या होत्या. १७९५ आणि १७९७ च्या काही अर्ध्या सेंटांवर ते टोकन अजून खालून डोकावतं. सेंटचं वजन कायद्यात २६४ ग्रेन ठरलं होतं, पाडायला सुरुवात होईपर्यंत ते २०८ झालं आणि १७९५ च्या अखेरीस १६८, कारण तांबं महाग होत चाललं होतं. १६८ ग्रेन म्हणजे १०.८९ ग्रॅम. शिवराई हातात घेतलीत तर फार वेगळं वजन वाटणार नाही.

मग त्यांनी तयार चकत्या इंग्लंडहून मागवायला सुरुवात केली. सगळ्यात चांगला माल यायचा बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनकडून. हाच बोल्टन, जेम्स वॉटचा भागीदार, ज्याने सोहो इथे वाफेवर चालणारी टाकसाळ काढली. आणि याच सोहो टाकसाळीत ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई इलाख्यासाठी तांब्याची नाणी पाडून घेतली. १७९१, १७९४ आणि १८०४ सालं असलेली. एका बाजूला कंपनीचा गठ्ठ्यावरचा शिक्का, बदामासारखा, वर चारचा आकडा. दुसरीकडे तराजू आणि त्यात फारसीत 'अदल', म्हणजे न्याय. ज्याच्या कारखान्यातून मुंबईच्या बाजारात पैसा आला, त्याच्याच कारखान्यातून चकत्या पिंपांत भरून फिलाडेल्फियाला गेल्या. फरक एवढाच की मुंबईचा पैसा वाफेच्या यंत्राने पाडलेला आणि अमेरिकेचा सेंट माणसांनी दांडा ओढून, स्क्रू प्रेसवर. फिलाडेल्फियात वाफ आली ती १८३६ मध्ये.

ओकट्रीकर

मोडीवाचक, काय सांगताय! आमच्या आजोबांच्या डब्यात तराजूवाला १७९४ चा आहे. पुण्यात काकांकडे असतो. डिसेंबरमध्ये येतोच आहे, तो घेऊन येतो इकडे आणि दोघांना शेजारी ठेवतो.

मोडीवाचक

थांबा, थांबा. तो बॅगेत टाकू नका. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यात येतं, आणि ते सरकारशिवाय किंवा सरकारने नेमलेल्या संस्थेशिवाय कोणालाही देशाबाहेर नेता येत नाही. स्वतःच्या आजोबांचं असलं तरी. विमानतळावर तुमचा आणि डब्याचा दोघांचा मुक्काम लांबेल.

फोटो काढा. चांगला, तिरक्या उजेडात.

ओकट्रीकर

बरं झालं सांगितलंत. काकांना फोटोचं सांगतो. ते फोटोत स्वतःचा अंगठाच जास्त काढतात, पण बघू.

रॉवेकर

सगळे १८०२ आणि १८०६ वर बोलताय, तिसऱ्या नाण्याचं कोणीच काही बोलत नाही. मी बोलतो. घर न्यू जर्सीतच, रॉवे गावात आहे.

एडिसन-इझलिनला मराठी माणूस हाकेच्या अंतरावर भेटतो, पण आपण रोज ज्या गावातून रेल्वेने जातो तिथे अमेरिकेच्या टाकसाळीच्याही आधी नाणी पडत होती हे किती जणांना माहीत आहे? १ जून १७८६ ला न्यू जर्सीच्या विधिमंडळाने कायदा केला आणि वॉल्टर मोल्ड, थॉमस गॉड्सबी, अल्बियन कॉक्स या तिघांना ३० लाख तांब्याची नाणी पाडायचा मक्ता दिला. पंधरा नाण्यांचा एक शिलिंग, वजन १५० ग्रेन, आणि पाडलेल्या मालाचा दहावा हिस्सा राज्याला. आत्ताच्या भाषेत रॉयल्टी. तिघांचं पटलं नाही. मोल्ड मॉरिसटाउनला गेला, बाकीच्यांचं काम रॉवेला चाललं.

नाण्यावर घोड्याचं डोकं, खाली नांगर. मागे ढाल आणि 'ई प्लुरिबस युनम'. हे वाक्य अमेरिकेच्या नाण्यावर सगळ्यात आधी इथे आलं, बाकी देशाने नंतर उचललं. नाव न्यू जर्सी असं नाहीच, लॅटिनमध्ये 'नोव्हा सीझेरिया'.

त्यांचेही ठशांचे प्रकार आहेत, १८८१ मध्ये एडवर्ड मॅरिस यांनी लावलेले. पुढच्या बाजूला आकडा, मागच्या बाजूला अक्षर. ५६-एन ला सगळे 'उंटाचं डोकं' म्हणतात, कारण घोडा काढताना कोरणाऱ्याचा हात कुठल्या कुठे गेलाय. तो बहुतेक वेळा दुसऱ्याच नाण्यावर मारलेला असतो. कनेक्टिकटची तांब्याची नाणी स्वस्तात घ्यायची आणि त्यांवर न्यू जर्सीचा छाप मारायचा, कारण न्यू जर्सीच्या नाण्याला भाव बरा मिळायचा. नीट बघितलं तर घोड्याच्या कानामागे दुसऱ्याच कोणाचं तरी नाक दिसतं.

ढब्बूकाका

नांगराला घोडा? आमच्याकडे गावात हसतील.

मोडीवाचक

आणि प्रकारांचं म्हणाल तर आपणही काय वेगळं करतो! 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' एवढीच दोन वाक्यं, पण ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, कुठे 'सिव' लिहिलंय, ओळ कुठे तुटली, यावर शिवराईवाले तासन्‌तास बोलतात. कोरणाऱ्याचा हात घसरला की दोनशे वर्षांनी आपली चैन.

गार्गी_पेन

अगदी. १८०१ च्या एका सेंटवर एकाच बाजूला तीन चुका आहेत. अपूर्णांक शंभरावा भाग असायला हवा तो शून्यावा झालाय, हाराला एकच देठ आहे, आणि 'युनायटेड' मधलं यू हे अक्षर उलटं मारून मग दुरुस्त करायला गेल्यामुळे दोन आय दिसतात. आणि १७९६ च्या एकावर 'लिबर्टी' ऐवजी 'लिहर्टी' वाचायला मिळतं. त्या काळी उन्हाळ्याअखेर पिवळ्या तापाची साथ आली की टाकसाळ बंद व्हायची, पहिल्या कोरणाऱ्यांपैकी जोसेफ राइट १७९३ च्या साथीतच गेले. अशा घाईत चुका झाल्या नसत्या तरच नवल.

ओकट्रीकर, शनिवारी जाताना भिंग न्या आणि नाणं हातात तिरकं फिरवून बघा. खरा जुना तपकिरी रंग सगळीकडे सारखा नसतो. उंच भाग थोडा फिका, अक्षरांच्या सांध्यांत गडद. सगळीकडे एकच रंग दिसला तर सावध व्हा. आणि नाण्याची फक्त कड धरायची.

डॉलरदादा

आणि दुकानदार 'आज शेवटचा दिवस' म्हणाला तर पाणी पिऊन या.

ओकट्रीकर

मंडळी, परवा जाऊन आलो. आधी घरात पाय टाकला तेव्हा बायकोने तोंड बघूनच ओळखलं, 'काहीतरी भलतंच आणलंयस.'

सकाळी साडेनऊला दार उघडायच्या आत रांगेत होतो. आधी १८०२ बघितलं, स्लॅबसकट. भिंगाखाली बाईंच्या गालावर एकाच दिशेने केसाएवढ्या बारीक रेघा. कोणीतरी ब्रश मारलेला. काका, मला तुमच्या सतरा शिवरायाच आठवल्या. परत दिलं.

मग १८०६. फोटोत होतं तसंच चॉकलेटी, देखणं. हातात घेऊन खिडकीशी गेलो. गार्गीताई, तुम्ही म्हणालात तसं तिरकं फिरवलं. रंग सगळीकडे एकच. गाल, केस, अक्षरांच्या बेचक्या, सगळं एका सुरात. मग अंकांच्या आतल्या बाजूला बघितलं तर तपकिरीच्या खाली रेघा! म्हणजे आधी घासलं आणि मग वरून रंग चढवला. नाकाजवळ नेलं तर किंचित वास, दिवाळीत फटाके वाजवून झाल्यावर बोटांना येतो तसला. दुकानदाराला विचारलं, रंग मूळचा आहे का? तो म्हणाला, "मला असंच मिळालं." उत्तर खोटं नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं. ३४० डॉलर खिशातच राहिले. हात थोडे थरथरत होते, खोटं कशाला बोलू. आठवडाभर मनाने ते मी घेऊनच टाकलं होतं.

बाहेर जाऊन कॉफी प्यायलो. मग आणखी चार टेबलं फिरलो. ड्रेप्ड बस्ट होते, पण एकतर माझ्यासारखेच काळे, नाहीतर सहाशेच्या वर.

आणि निघता निघता त्या तिसऱ्या नाण्याकडे गेलो. नुसतं बघायला.

तडा आहे, कडेपासून आत ढालीपर्यंत. पण तो दोनशे वर्षांपूर्वीचा, चकती ठशाखाली गेली तेव्हाचा आहे. त्याच्या आतही तोच जुना तपकिरी रंग उतरलाय. घोडा झिजलाय, डोळा जवळजवळ गेलाय, नांगराचा दांडा स्पष्ट. उंच भाग फिका, बेचक्यांत गडद, जसं हवं तसं. म्हातारा दुकानदार होता. तो म्हणाला, "हे रॉवेच्या टाकसाळीतलं असावं." मी म्हणालो, मी तिथूनच गाडी चालवत आलोय. त्याने १९० चे १७५ केले.

चिंचपोकळी

म्हणजे अपग्रेड करायला गेलात आणि अल्बममधलं घर तसंच?

ओकट्रीकर

तसंच. १८०३ चं काळं अजून तिथेच आहे. आता दोन घरं झाली, एक नको असलेलं भरलेलं आणि एक जे अल्बममध्ये नाहीच.

रॉवेकर

अभिनंदन! शेजारधर्म पाळलात. 🐴

डॉलरदादा

१७५ उरले की. ते साठवा.

गार्गी_पेन

१८०६ नाकारलंत तिथेच तुम्ही शिकलात, ओकट्रीकर. मी पहिली तीन नाणी असलीच विकत घेतली होती. आता फोटो टाका, मॅरिस क्रमांक काढू. ढालीच्या टोकाशी कुठलं अक्षर येतंय आणि नांगराच्या दांड्याचा शेवट कुठे होतो, तेवढं स्पष्ट येऊ द्या.

ढब्बूकाका

वजन केलंत का?

ओकट्रीकर

केलं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर नव्हे, छोटा वजनकाटा घेतलाय. ९.४ ग्रॅम. १५० ग्रेन म्हणजे ९.७२ व्हायला हवं, झीज धरली तर बरंच आलं. काळ्या १८०३ चंही केलं, १०.१. तेही अल्बममधून काढून सुती पाकिटात ठेवलंय. लेकीने पाकिटावर पेन्सिलने लिहिलंय, 'आजी'.

काकांचा फोटो आज आलाय. तराजू दिसतोय, 'अदल' अर्धं दिसतंय, आणि अर्ध्यावर अंगठा. परत काढायला सांगितलाय.